रुसणाऱ्याचं प्रूफ

धोंडीराम कणशांनी पत्रिकांचा गठ्ठा काउंटरवर असा काही आपटला की माझ्या कपातला चहा बशीत आला.

"आक्का, ह्या चुलीत घाला न्हाईतर रद्दीला. पर मला दुसऱ्या छापून द्या. आजच्या आज."

नलूआत्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, वरची पत्रिका उचलली आणि दाराकडच्या उजेडात धरली. चार रंगांतली छपाई, गुलाबी गणपती, कडेनं सोनेरी वेल. तिनं त्या वेलावरून अंगठा फिरवला आणि अगदी मनापासून म्हणाली, "काय झ्याक छापलंय हो! रंगतरंग प्रेसवाल्या बाबरचं काम ना?"

"झ्याक हाय, म्या कुठं न्हाई म्हंतोय? पर ह्यो बघा." धोंडीरामांनी मागे बोट केलं. "ह्यो सख्खा चुलता नवरदेवाचा. लग्नाला येनार न्हाई म्हंतोय."

मागच्या बाकावर त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती बसला होता. म्हणजे आमच्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसला होता. लग्न पुढच्या आठवड्यावर, मांडवाची वेळ ठरलेली, आणि चुलता कॅलेंडरातल्या एकादश्या मोजतोय.

ही गोष्ट कराडची, सत्त्याण्णव सालच्या एप्रिलातली. मी कोल्हापुरातून एम.बी.ए. होऊन नुकतीच आले होते आणि पुण्याच्या एका कंपनीचं नेमणूकपत्र माझ्या पर्समध्ये होतं. आपल्याला पुण्याला जायची फार घाई आहे असं मी भेटेल त्याला सांगत होते. नलूआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील पाटणला मास्तर झाले आणि आजोबांचा छापखाना आत्यानं सांभाळला. तिनं लग्न केलं नाही. कृष्णा-कोयनेच्या काठच्या बाकी सगळ्यांच्या लग्नांच्या पत्रिका मात्र तिनंच छापल्या. तिचा निरोप आला होता, "एवढं शिकलीस तर जायच्या आधी माझा बँकेचा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून दे."

मी आनंदानं आले आणि पहिल्याच दिवशी माझं तोंड फुगलं. कारण आत्याचा बेत असा होता: छापखान्याची पुढची खोली शेजारच्या सगरेशेठला विकायची. त्यांना कापडदुकान वाढवायचं होतं. ते पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून बाबरसारखं चार रंगांचं मशीन घ्यायचं, आणि एमआयडीसीत शेड टाकून सगळं तिकडे हलवायचं.

पुढची खोली म्हणजे काउंटर आणि तीन लाकडी बाकं. मे महिन्याच्या सुट्टीत मी याच बाकांवर दुपारची झोपत असे. आतल्या खोलीत आमचे जुने कामगार इलाहीभाई शिशाचे खिळे जुळवायचे आणि मी शेजारी बसून बघायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे मी 'क' आधी उलटा वाचायला शिकले आणि मग शाळेत सुलटा. ती खोली आता सगरेशेठच्या साड्यांची होणार होती. इसाराची रक्कम घेऊन ते त्याच दुपारी येणार होते.

सकाळीच आमचं वाजलं होतं. रिपोर्टात एक रकाना होता: गिऱ्हाईक तुमच्याकडेच का येतं? मी पेन उघडून बसले आणि आमचे सर वर्गात हमखास विचारायचे तो प्रश्न आत्याला विचारला.

"आत्या, आपला छापखाना उद्या बंद झाला तर लोकांचं नक्की काय अडेल?"

"काय अडायचंय? बाबरकडं जातील."

"मग बाबरसारखंच मशीन घेऊन काय होणार? त्याच्याकडे आहे तेच तुझ्याकडे येईल. पैसे टाकले की मशीन कोणालाही मिळतं."

"मी त्याच्यापेक्षा स्वस्त छापीन."

"तो तुझ्यापेक्षा स्वस्त छापेल. मग?"

"मग तू पुण्याला जा," आत्या म्हणाली. "अगं, लोक इथं कशाला येतात ठाऊक आहे? माझं डोकं खायला येतात. छपाई घटकाभराची आणि भांडणं दिवसभराची! एमआयडीसीपर्यंत भांडायला कोण येतंय? तेच तर पाहिजे मला."

मी त्या रकान्यात 'दर्जेदार छपाई' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. दर्जेदार छपाई कोण करतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. तेवढ्यात कणशांची जीप येऊन थांबली आणि चहा सांडला.

आमच्या भागात लग्नाच्या पत्रिकेत नवरानवरीचं नाव कोणी वाचत नाही. माणूस आधी आपलं नाव शोधतो. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, प्रमुख उपस्थिती, समस्त भावकी, आणि शेवटी 'किलबिल' म्हणून बारकी पोरं. कोण कोणाच्या वर, कोण जाड टायपात, कोण पाहुण्यांच्या गर्दीत ढकललं गेलं, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांच्या बांधावर जात नाहीत.

यावर आत्याची एक पद्धत होती. बाकीचे छापखाने पैसे देणाऱ्याला प्रूफ दाखवतात. आत्या ऑर्डर घेतानाच विचारायची, "तुमच्यात रुसणारं कोण?" गिऱ्हाईक आधी हसायचं, मग हळूच एक नाव सांगायचं. "त्यांना पाठवा प्रूफ बघायला," आत्या म्हणायची. मग तो रुसणारा मामा किंवा काका ऐटीत यायचा, बाकावर बसायचा, चहा प्यायचा आणि सगळी पत्रिका मोठ्यानं वाचायचा. दोन चुका काढायचा. आत्या त्या मान्य करायची, कधीकधी त्याच्यासाठी एखादी मुद्दाम ठेवायचीसुद्धा. खाली त्याची सही घ्यायची. एकदा सही झाली की तो त्या पत्रिकेचा वकील व्हायचा. पुढे कोणी नाक मुरडलं तर हाच अंगावर धावून जायचा.

"बाबरनं प्रूफ कुणाला दाखवलं?" आत्यानं विचारलं.

"मलाच की," धोंडीराम म्हणाले. "म्या कागद दिला, त्यानं हुतं तसं छापलं. त्येची काय चूक न्हाई. श्रीपतीचं नाव सरपंचाच्या खाली पडलं, एवढंच."

"एवढंच ना? वर घेते. श्रीपतराव, वर घेऊ?"

"नगं," श्रीपती कॅलेंडरला म्हणाला.

"जाड टायपात टाकते."

"नगं."

"चौकटीत? एकटंच? वेलबुट्टीसकट?"

"आक्का, माझं काढून त्येचं घाला!" धोंडीराम कळवळून म्हणाले. "बापाच्या जागी त्येचं नाव छापा, माझी काय ना न्हाई!"

"म्या नगं म्हंतोय न्हवं," श्रीपती म्हणाला, आणि कॅलेंडराच्या आणखी जवळ सरकला.

आत्यानं चष्मा काढला. पदरानं पुसत ती माझ्याकडे वळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "चौकट नको म्हणणारा माणूस मी आजवर बघितला नाही. हा रुसवा ह्याचा नाही गं. दुसऱ्या कुणाचा तरी आहे, हा नुसता वागवतोय."

मग तिनं दारातून बाहेर बघितलं. "जीपमध्ये कोण बसलंय?"

"थोरली वैनी," धोंडीराम म्हणाले. "डोळ्याच्या डाक्टरला दावायची हाय."

"मग उन्हात का बसवलीत? आत नाही का बोलवायचं?"

"म्हनलं की. ती न्हाई म्हनली. लग्नाच्या कामात म्या कशाला फुडं फुडं करू, म्हनली."

आत्यानं माझ्या पुढ्यातला न प्यायलेला दुसरा कप उचलला आणि स्वतः बाहेर निघाली. मी मागोमाग गेले. रिपोर्टाचं काम सोडून जायला मला कारण हवंच होतं.

जीपच्या मागच्या बाकावर तानूबाई बसल्या होत्या. ऐसपैस बाई, पांढरे केस, मांडीवर फुटाण्याची पुडी. आम्हाला बघून त्यांनी पुडी पुढे केली.

"घ्या. मिटलं का त्या दोघांचं? सकाळधरनं लावालावी चाललीया. माजं डोसकं उठवलंय."

"मिटेल की," आत्या कप हातात देत म्हणाली. "पत्रिका बघितली का तुम्ही?"

"बघून मला काय कळतंय? श्रीपतीनं वाचून दावली. लई ग्वाड वाचतोय त्यो. समदी वाचली. पाव्हनं, रावळं, सरपंच, डेअरीचा चेअरमन, बारकी पोरं."

"आणि मग?"

"मग काय? वाचायचा थांबला, तर म्या इच्यारलं, 'झालं?' तर त्यो एकदम उठूनच ग्येला. तवापास्नं त्येचं डोसकं फिरलंय बघा."

आणि त्या हसल्या, आणि फुटाणा चावत रस्त्याच्या पलीकडे बघायला लागल्या. मला त्या वेळी माझी सगळी मॅनेजमेंट विसरायला झालं होतं.

परत येताना दारातच आत्या थांबली. "तानूबाईंचा नवरा, थोरला बापूराव, गेला तेव्हा ही दोन्ही भावंडं लहान होती," ती म्हणाली. "हिनं वाढवली. नवरदेवाची आई सदा आजारी, तोही हिच्याच मांडीवर मोठा झाला. ह्या घरच्या आधीच्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका मीच छापल्या, रेवू. सगळ्यांची नावं वरखाली केली. हे नाव कधी आलंच नाही आणि मी एकदाही विचारलं नाही."

आत गेल्यावर तिनं एका चिठोऱ्यावर एक ओळ लिहिली आणि इलाहीभाईंना दिली. "सगळा मजकूर बाबरच्या पत्रिकेवरून घ्या. निमंत्रकांत सुरुवातीला ही ओळ. एकटीच, आणि सगळ्यात जाड खिळ्यात."

धोंडीरामांनी मान लांब करून चिठोरं वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आक्का, ह्ये... आमच्यात पद्धत न्हाई. बापूदादा गेल्यावर वैनीचं नाव लग्नाच्या कागदावर..."

तेव्हा श्रीपती पहिल्यांदा वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"अरे, मग तोंडानं सांगायचंस की!" धोंडीराम त्याच्यावरच ओरडले.

"थोरल्या भावाम्होरं काय सांगू? तुला दिसत न्हाई व्हय?"

आता हे दोघं एकमेकांच्या अंगावर जाणार असं मला वाटलं. पण आत्यानं काउंटरवर हात आपटला.

"हे बघा धोंडीराव, पसंत पडलं नाही तर ती ओळ मी काढून टाकीन. पण आमच्याकडं प्रूफ वाचल्याशिवाय छपाई होत नाही. आज प्रूफ तुम्ही वाचायचं."

"वाचतो की. द्या."

"इथं नाही. जीपपाशी उभं राहून. मोठ्यानं."

इलाहीभाई खिळे जुळवायला बसले. तेवढ्यात सगरेशेठ आले. पांढराशुभ्र सदरा, गालात सुपारी, काखेत कातडी पिशवी. आत्यानं त्यांना हातानंच 'बसा' म्हटलं आणि ते मधल्या बाकावर बसून मजेत सगळीकडे बघू लागले. घाई करणारा माणूस तो नव्हताच. त्यांनी श्रीपतीच्या लाल डोळ्यांकडे बघितलं, धोंडीरामांच्या कपाळावरच्या आठीकडे बघितलं आणि मला विचारलं, "कुणीकडची पत्रिका?" मला काही कळलं नाही. "म्हणजे मुलाकडची का मुलीकडची?" ते म्हणाले. मुलाकडची म्हटल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली.

इलाहीभाईंनी खिळे आवळून बसवलेल्या चौकटीवर, म्हणजे फर्म्यावर, शाईचा रूळ फिरवला, कागद दाबला आणि ओलं प्रूफ धोंडीरामांच्या हातात दिलं. ते जीपकडे निघाले. श्रीपती मागे. आम्ही सगळे दारात, सगरेशेठसुद्धा.

धोंडीरामांनी घसा साफ केला. "श्री गनेशाय नमहा," त्यांनी वाचलं. मग कुलदैवत. मग "निमंत्रक". मग थांबून, "श्रीमती तानूबाई..."

पुढचा शब्द त्यांना वाचता येईना. पुढचा शब्द 'बापूराव' होता.

तानूबाईंचा फुटाण्याचा हात तसाच राहिला. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तो काढला नाही. श्रीपती जीपच्या चाकाकडे बघत उभा होता. मग पदराआडून आवाज आला.

"वाच की फुडं. थांबलास का?"

धोंडीरामांनी पुढची सगळी पत्रिका एका दमात वाचली. सरपंच, डेअरीचे चेअरमन, भावकी, किलबिल. संपल्यावर त्यांनी विचारलं, "वैनी, काय चुकलंय का?"

"न्हाई," तानूबाई म्हणाल्या. "आता झालं." आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पर त्या चेअरमनला किलबिलात घाला. दुधात पानी घालतंय मेलं."

श्रीपती इतका मोठ्यानं हसला की समोरच्या सायकलवाल्यानं वळून बघितलं. धोंडीरामांनी डोळे पुसले आणि प्रूफावर सही केली. तानूबाईंनी अंगठा उठवायचा हट्ट धरला. मी शाईचं पॅड नेऊन दिलं.

आमची पत्रिका एकरंगी, वेलाबिलाशिवाय. पण धोंडीरामांनी ती बाबरच्या सोनेरी गठ्ठ्याच्या वर ठेवली आणि म्हणाले, "हीच छापा. किती म्हनाल तेवढ्या."

मी आत्याकडे बघितलं. ती कपाळ पुसत होती. "बघितलंस?" ती मला म्हणाली. "गेला का नाही अर्धा दिवस? म्हणून म्हणते, एमआयडीसी बरी."

इतका वेळ दारातून बघत असलेले सगरेशेठ आता पुढे झाले. ते आत्याकडे न येता सरळ कणशांकडे गेले.

"कणसे, बस्ता बांधला का हो?"

"न्हाई अजून. ह्या रागारागात ऱ्हायलंच."

"मग चला की! शेजारीच दुकान आहे. वहिनींना आधी जरीकाठी दाखवतो, निमंत्रक आहेत त्या! गार सरबत मागवतो. या, या." आणि बघता बघता कणशांचं सगळं घर, तानूबाई फुटाण्यासकट, सगरेशेठच्या पायऱ्या चढू लागलं. शेठ वळून आत्याला म्हणाले, "नलूताई, तुम्ही बसा, आलोच मी. इसार आणलाय. आणि हो, एक सांगायचं राहिलं. ही बाकं तेवढी राहू द्या हं."

"बाकं?" आत्या म्हणाली. "साड्यांच्या दुकानात बाकं कशाला?"

"राहू द्या हो. काउंटरही राहू द्या. पाटी राहिली तरी माझी हरकत नाही."

"छापखान्याची पाटी? कापडदुकानावर?"

"अहो, लग्न ठरलं की लोकांचं पहिलं पाऊल पडतं ते इथं. तणतणत येतात आणि हसत बाहेर पडतात. हसत बाहेर पडलेला माणूस लुगड्याचा भाव करत नाही! मी एवढी वर्षं शेजारी बसून बघतोय ना." शेठ मनमोकळे हसले. "तुम्हीही सकाळी घटकाभर येऊन बसत चला. गादी घालून देतो, लोड देतो. मशीन काय, ते तिकडं चालत राहील."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली.

"शेठ, खरं सांगा. तुम्ही ही खोली घेताय का मला घेताय?"

"आता तुम्हाला वगळून ह्या खोलीत आहे काय?" शेठ म्हणाले. "गळकं छप्पर आणि घुशी."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. चांगला व्यापारी होता, कशाचे पैसे देतोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त विकणारीला. आत्यानं हळूहळू मान माझ्याकडे वळवली. मी खाली बघून रिपोर्टाची पानं सारखी करत होते, कारण वर बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं. हेच सांगायला आमच्या सरांना अख्खं सत्र लागलं होतं, आणि सकाळी मला तेही जमलं नव्हतं.

"म्हणजे भांडण मी मिटवायचं," आत्या बोटं मोडत म्हणाली, "चहा मी पाजायचा, डोकं माझं उठायचं. मला छपाईपुरतं मिळायचं, आणि अख्खा बस्ता तुमच्याकडं?"

"नशीब आहे आमचं. चांगला शेजार."

"शेठ, सरबत तेवढं पाठवून द्या," आत्या म्हणाली. "इसार राहू दे."

शेठचं तोंड उतरलं, पण फार वेळ नाही. दुकानातून कणशांचा गलका ऐकू येत होता. "बरं मग, आतल्या भिंतीवर माझी एक पाटी तरी लावू द्याल?"

"लावा की. भाडं पडेल तिचं."

"पडू दे," शेठ म्हणाले आणि सदरा सावरत गिऱ्हाइकामागे पळाले.

त्यानंतर आत्यानं बाबरला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "सुधीर, मी नलूआक्का. तुझी छपाई बघितली, लई देखणी आहे. ऐक, माझी रंगीत कामं इथून पुढं तू छापायचीस. नावं माझ्याकडनं येतील, प्रूफ माझ्याकडं, सही माझ्याकडं." पलीकडून बाबर इतका मोठ्यानं बोलला की मलाही ऐकू आलं. "आक्का, देवासारख्या भेटलासा! मशीन रिकामं पडतंय, आणि जी येत्यात ती भांडत्यात. मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई!"

फोन ठेवून आत्या खुर्चीत टेकली. तिच्या चेहऱ्यावर एवढी तरतरी मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

"रिपोर्टात मशीनच्या रकान्यात आता काय लिहू?" मी विचारलं.

"काही नको. सुताराला सांगून चौथं बाक करून घेऊ. त्याला बँक कशाला?"

"मग रिपोर्ट?"

"ठेव तुझ्याकडं आठवण म्हणून," असं म्हणून ती आत निघून गेली.

झालं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. खोली राहिली, बाकं राहिली, सगरेशेठची साडी आत आली नाही. मी उड्या मारायला हव्या होत्या. त्याऐवजी मी पेनाला टोपण लावलं, कागद गोळा केले आणि माझ्या लक्षात आलं की आता इथं माझं काहीच काम उरलेलं नाही. पुण्याची गाडी धरायला मी मोकळी होते. पर्समधलं ते नेमणूकपत्र मी काढून वाचलं आणि परत ठेवलं. मला जायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते, पण एवढं शिकून कराडच्या छापखान्यात बसते असं स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं? आणि कोणी राहा म्हटलंही नव्हतं. सकाळपेक्षा माझं तोंड आता दुप्पट फुगलं होतं.

बाहेर ऊन उतरलं होतं. सगरेशेठच्या दुकानातून तानूबाईंचा आवाज येत होता, "ह्यो रंग नगं बया, म्या काय नवरी हाय?" आतल्या खोलीत इलाहीभाई आणि आत्या काहीतरी कुजबुजत होते. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन एकदाच खडखडलं आणि थांबलं. मग आत्या बाहेर आली. तिच्या हातात एक ओला कागद होता.

"नवीन बिलबुकाचं प्रूफ आहे," ती म्हणाली. "वाच. मोठ्यानं."

"मी कशाला? इलाहीभाई वाचतील की."

"तूच वाच. आमच्याकडची पद्धत आहे."

मी कागद घेतला. शाई बोटाला लागली. "माळवदे छापखाना, कराड," मी वाचलं. "येथे पत्रिका छापून व मानपान जुळवून मिळेल." मला हसायला आलं. "मानपानाचा आकार वेगळा पडेल." त्याखाली वाचलं, "मालक, नलिनी गोविंद माळवदे." आणि त्याच्याखाली, तेवढ्याच जाडीच्या खिळ्यात, आणखी एक ओळ होती. मी 'रे' पर्यंत आले आणि मला पुढचं दिसेना. एवढी वर्षं इथली अक्षरं उलटी वाचणारी मी, आणि माझंच नाव मला सुलटं वाचता येईना.

"वाच की पुढं," आत्या म्हणाली. "थांबलीस का?"

मी डोळे पुसले. बोटांची शाई गालाला लागली असणार, कारण इलाहीभाई आतल्या दारात उभे राहून हसत होते. मी प्रूफ आत्याच्या हातात परत दिलं आणि होता नव्हता तेवढा राग आवाजात आणून विचारलं, "माझं नाव खाली का?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग प्रूफाकडे बघितलं, आणि आत तोंड करून ओरडली,

"इलाहीभाई, फर्मा सोडू नका अजून! बाई रुसल्यात."